काळ्या रस्स्याबरोबरची वाइन

त्या आठवड्यात आमच्या फ्रीजमधला वरचा खण रिकामा करावा लागला. इडलीचं पीठ शेजारी गेलं, ताक संपवून टाकलं, आणि त्या जागी तीन बाटल्या आडव्या झाल्या. आणखी तीन कपड्यांच्या कपाटात रजयांमागे ठेवल्या. आमच्या घरात तापमान सर्वांत स्थिर असतं ते तिथे. हे मी अंदाजाने सांगत नाही, स्वयंपाकाचा थर्मामीटर ठेवून पाहिलं होतं. सहाही बाटल्या अमेरिकेतल्या वाइनच्या होत्या, तीन तांबड्या आणि तीन पांढऱ्या. त्यांतली एकही आमची नव्हती.

त्या वहिनींच्या होत्या. वहिनी म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या मित्राची बायको. मित्र इथल्याच, म्हणजे अमिरातीतल्या रास अल खैमातल्या, एका सिमेंट कारखान्यात यंत्रांची देखभाल बघतो. वहिनींचा डब्यांचा व्यवसाय आहे. रीतसर परवान्याचं स्वयंपाकघर आहे, हाताखाली दोन बायका आहेत, आणि जेवणारे बहुतेक आपल्याकडचे एकटे राहणारे इंजिनिअर. वहिनी धुळ्याच्या. खानदेशी काळा मसाला त्या दर वर्षी स्वतः भाजून करतात. त्या दिवशी जिन्यात उभं राहिलं तरी ठसका लागतो.

इथल्या समुद्रकाठच्या एका हॉटेलाने महिन्यातून एकदा भारतातल्या एकेका प्रांताचं जेवण ठेवायला सुरुवात केली होती. केरळ झालं, पंजाब झाला. वहिनींचा डबा खाणाऱ्या कुणीतरी तिथल्या मॅनेजरला त्यांचं नाव सुचवलं. मॅनेजर लेबनॉनचा, खाण्यापिण्याचं सगळं खातं त्याच्याकडे. तो स्वतः वहिनींच्या स्वयंपाकघरात आला. येताना एक तांबडी वाइन घेऊन आला, कारण जेवणाच्या कार्डावर प्रत्येक वेळी एक तांबडी आणि एक पांढरी वाइन छापायची असते आणि यंदा हॉटेलाने सगळी यादी अमेरिकन ठेवली होती. भरल्या वांग्यांवर तो खूश झाला. मग त्याने मटणाचा काळा रस्सा चाखला, वर वाइनचा घोट घेतला, आणि त्याचा चेहरा वाइनच्याच रंगाचा झाला.

"मॅडम, ब्युटिफुल," तो डोळे पुसत म्हणाला. "पण तिखट अर्धं करा. यात माझी वाइन मरते."

वहिनींनी नाही म्हटल्यावर त्याने सहा बाटल्यांचे नमुने पाठवून दिले. यांतली कुठलीही या रस्स्याशी जमवून दाखवा, मंगळवारी मी जेवायला बसेन. जमली तर रस्सा आहे तसा. नाही जमली तर अर्धं तिखट, आणि तेही नको असेल तर पुढच्या महिन्यात राजस्थान. खलास.

हे सगळं वहिनींनी आमच्या सोफ्यावर बसून सांगितलं. मित्र शेजारी मोबाइल बघत होता.

"अगं कर ना अर्धं," तो म्हणाला. "त्यात काय एवढं? गोऱ्यांना काय कळतंय."

"तुम्ही गप्प बसा हो." मग त्या माझ्याकडे वळल्या. "भावोजी, मी इथे आल्यापासून दुसऱ्यांच्या तोंडाचं करते. याला लसूण नको, त्याला तेल नको, तिसऱ्याला नुसतं वरण. माझी तक्रार नाही, धंदाच तो. पण पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की तुमच्या घरचं करा. आणि आता म्हणतो, अर्धं करा. फिका करून वाढला तर मग तो माझा कशाला? कुणाचाही असेल."

मित्राने मोबाइल खिशात टाकला.

माझ्याकडे येण्याचं कारण माझी नोकरी. मी फरश्यांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी बघतो. एका भट्टीतून निघालेली पांढरी फरशी आणि दुसऱ्या दिवशीची पांढरी फरशी एकसारखी आहे का, हे ठरवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. त्याची एक साधी रीत आहे. बघणाऱ्याला फरशी कुठल्या भट्टीची ते सांगायचं नाही, एकमेकांशी बोलू द्यायचं नाही, आणि जे दिसलं त्याला आकडा द्यायला लावायचा. वाइनचं मला काहीच कळत नव्हतं. ऑफिसच्या पार्ट्यांत हातात ग्लास धरून उभं राहण्यापुरती ओळख. पण चवीला आकडा देता येतो का, हा प्रश्न मला त्या संध्याकाळपासून सोडेना.

सामान जमवताना एक एक गोष्ट कळत गेली. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं सगळीकडे लिहिलेलं होतं. कुणाच्या खोलीच्या? आमच्या स्वयंपाकघरात दुपारी एसी बंद असला तर तांदळाचा डबासुद्धा कोमट लागतो. शोधल्यावर कळलं की ही खोली थंड देशातली, आणि जुनी. म्हणून कपाट. बाटल्यांवर अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं, तेही मी पाहिलं आणि लेबलं झाकण्यापूर्वी टिपून ठेवलं. झिनफँडेल नावाची तांबडी सर्वांत जहाल, पंधरा टक्के. रीसलिंग नावाची पांढरी सर्वांत सौम्य, साडेअकरा. मग पोळ्या गुंडाळायच्या फॉइलमध्ये सगळ्या बाटल्या मानेपर्यंत गुंडाळल्या आणि वर आकडे घातले.

बाटल्यांबरोबर हॉटेलाने एक इंग्रजी पुस्तिका दिली होती. वाइन कशी जोखावी याचे रकाने त्यात होते. मी ते मराठीत आणले, कारण वहिनी आणि माझी बायको इंग्रजीत गुण देताना पुस्तिकेला आवडेल तेच देतील अशी मला भीती होती. मराठीत माणूस स्वतःचं मत देतो. 'बॉडी'चं मी 'अंग' केलं, 'फिनिश'चं 'शेवट' आणि 'ड्राय'चं 'कोरडी'. कोरडी अजिबात नाही तर एक, अगदी कोरडी तर पाच.

शुक्रवारी दुपारी आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. शनिवार मित्राला चालत नाही, मारुतीचा वार. रविवारी वहिनींना रस्सा करून पुढची चाचणी घ्यायची होती. म्हणून शुक्रवार. आमची मुलगी तिच्या खोलीतून डोकावली, फॉइलमधल्या बाटल्या आणि चार कागद बघून "बाबा, यू हॅव रुइन्ड अल्कोहोल," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

"हे 'अंग' काय आहे?" मित्राने पहिल्यांदा विचारलं. "अंगाला लागते का, ते?"

"तोंडात जड वाटते की पाण्यासारखी, ते."

"आणि 'शेवट'?" बायकोने विचारलं.

"गिळल्यावर चव किती वेळ राहते."

"शेवट गोड झाला तर पाच देते मग."

"आणि गिळायची नाही," मी म्हणालो. "चव घेऊन थुंकायची. नाहीतर तिसऱ्या बाटलीनंतरचे आकडे धरता येणार नाहीत."

मित्राने पेन खाली ठेवलं. "असल्या बाटल्यांचा भाव मी दुकानात बघितलाय. पंच्याऐंशी दिरहॅम. म्हणजे दोन हजार रुपये. आणि तू म्हणतोस थुंक?"

"चूळ भरायची समजा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी याआधी कधी घोटही घेतला नव्हता. पण त्यांनी ग्लास उचलला, हुंगला, तोंडात घेतला आणि मगात चूळ टाकली, तेही इतक्या गंभीरपणे की नंतर कुणी हसलं नाही. मित्राने मात्र शेवटपर्यंत एकही घोट थुंकला नाही. त्याचे शेवटच्या बाटलीचे गुण मी बाजूला ठेवले.

एक कबूल करायला हवं की पुस्तिकेतल्या वर्णनांपेक्षा टेबलावरची वर्णनं जास्त उपयोगी होती. शार्दने नावाच्या पांढरीला पुस्तिका लोणी आणि ओकचं लाकूड म्हणत होती. बायको एका श्वासात म्हणाली, "लोणी कढवतानाचा वास. बेरी लागायच्या आधीचा." ओरेगनहून आलेली पिनो नुआर रंगाने इतकी पातळ की मित्र म्हणाला, "हे काय, कोकम सरबत?" झिनफँडेल म्हणजे मुरंबा, पण घशात उतरताना पोळणारा. कॅबर्ने सोव्हिन्यों या तांबडीवर वहिनी थबकल्या, जीभ टाळूला लावून पाहिली. "पोटभर जांभळं खाल्ल्यावर जीभ जड होते ना, तसं. तोंड पार कोरडं पडलं." त्यांनी 'कोरडी'खाली पाच लिहिले. आम्हीही पाचच दिले. सोव्हिन्यों ब्लां नावाच्या पांढरीला कैरीचा आणि नुकत्या कापलेल्या गवताचा वास होता. तोंडात घेताच गालांतून पाणी सुटलं. "कोरडी कुठली, उलट नळ सुरू झाला," बायको म्हणाली. त्या वाइनला 'कोरडी'खाली चौघांनीही एक दिला. आणि रीसलिंगचा ग्लास नाकाशी नेताच बायकोने तो लांब धरला. "रॉकेल!"

"काहीतरीच."

"हुंगून बघा. स्टोव्ह विझवल्यावर येतो तसा."

मी हुंगलं. फार हलका होता, पण होता. मागाहून वाचलं की काही रीसलिंगमध्ये तो असतोच, आणि जाणकारांना तो आवडतो. आम्ही जाणकार नव्हतो. वासाला तिला सर्वांत कमी गुण पडले आणि ती बाटली मागे सरकवली गेली.

चार माणसांच्या मतांची सरासरी काढण्यात फारसा अर्थ नाही हे मला ठाऊक आहे. पण कोरडेपणाच्या रकान्यात आम्ही चौघं जवळजवळ जुळलो होतो, आणि असं जुळणं माझ्या धंद्यात सहसा खोटं नसतं. शिवाय मॅनेजरने वहिनींना फोनवर एक सल्ला दिला होता: तिखटाबरोबर फार ड्राय वाइन घेऊ नका. आमच्या कागदावर सर्वांत कमी ड्राय होती सोव्हिन्यों ब्लां. निवड झाली. त्या रात्री मला शांत झोप लागली.

रविवारी दुपारी वहिनींनी रस्सा वर आणला. नेहमीचाच, ना कमी ना जास्त. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांदा. वाटी वाफाळत होती आणि वर काळपट तेलाचा तवंग होता. आम्ही घास घेतला, वर सोव्हिन्यों ब्लांचा घोट घेतला.

पहिला मित्र बोलला. "जखमेवर लिंबू पिळल्यासारखं झालं राव."

खरंच तसं झालं होतं. तिखट आणखी तीक्ष्ण झालं, आणि वाइनमधली कैरी जाऊन नुसता आंबटपणा उरला. वहिनींनी दुसरा घास घेऊन पाहिला, तिसरा घेतला. मग वाटी हळूच पुढे सरकवली.

"करते मी अर्धं," त्या म्हणाल्या.

"थांबा," मी म्हणालो. मला राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. मी मॅनेजरला फोन लावला. सांगितलं की तुमच्या सल्ल्याप्रमाणे सर्वांत कमी ड्राय वाइन घेतली आणि ती जमत नाही.

"कुठली?"

मी नाव सांगितलं. तो हसला, पण वाईट हसला नाही. "हबीबी, ती तर यादीतली सर्वांत ड्राय आहे. हाडासारखी ड्राय."

मी फोन ठेवला आणि हे सगळ्यांना सांगितलं.

"हाडासारखी?" बायको म्हणाली. "अहो, माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. ती कोरडी कशी असेल?"

"त्याला इचार ना, पाण्यासारखी वाइन कोरडी असतेच कशी," मित्र म्हणाला. "कोरडी म्हणजे भाकरी."

"कॅबर्नेने तोंड कोरडं पडलं होतं," मी म्हणालो. "चौघांचंही."

"ते कोरडं नव्हतं हो," वहिनी वाटीकडे बघत म्हणाल्या. "ते तुरट होतं. मी लिहिलं कोरडं, कारण तुमच्या कागदावर तुरटला जागाच नव्हती. जांभूळ तुरट, आवळा तुरट, सुपारी तुरट. तोंड कोरडं पडतं तुरटाने. ही आंबट आहे. आंबटाने पाणी सुटतं. यांत ड्राय कुठे आलं?"

मी पुस्तिका काढली आणि मागची बारीक अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली. ड्राय म्हणजे साखर न उरलेली. एवढंच. तोंडाशी काही संबंध नाही.

"म्हणजे ड्राय म्हणजे बिनसाखरेची," बायको म्हणाली. "फिका चहा असतो तशी. मग सरळ तसं लिहायचं ना. कोरडी काय!"

मी इतक्या वर्षांत दुसऱ्यांचे रकाने तपासत आलो, चुकीच्या मोजपट्टीने अचूक मोजणारे लोक मी रोज बघतो. आमचे आकडे बरोबर होते. आम्ही चौघांनी तुरटपणा इतका नीट मोजला होता की त्यात खोट काढता आली नसती. फक्त वर नाव दुसऱ्याच गोष्टीचं होतं. इंग्रजी बोलणाऱ्यांना ही अडचण उलट बाजूने येत असावी. रोजच्या बोलण्यात त्यांच्याकडे तुरटाला सुटसुटीत शब्द नाही, म्हणून तेही कधीकधी तोंड ड्राय झालं असं म्हणतात आणि मग स्वतःच घोळतात. आपल्याकडे शब्द आहे, आणि पोरासोरांनाही तो माहीत आहे. मी तो वापरायचाच विसरलो होतो.

कागद उलटे केले. तीन रकाने आखले: गोड, आंबट, तुरट. चौथा मी माझ्यापुरता घातला, लेबलावरच्या अल्कोहोलचा. शुक्रवारच्या बाटल्या बुचं लावून फ्रीजमध्ये होत्या. दोन दिवसांत त्या थोड्या उतरल्या असणार हे मी सगळ्यांना आधीच सांगितलं. मग प्रत्येक घोटाआधी रस्स्याचा एक घास.

कॅबर्ने तिखटाबरोबर आणखी तुरट झाली, जवळजवळ कडू. मॅनेजरचा चेहरा का लाल झाला ते कळलं. झिनफँडेलने आगीत तेल ओतलं. रस्स्याचं तिखट आणि तिचं पंधरा टक्के अल्कोहोल एकाच जागी पोळत होतं. पिनो नुआर तुरट कमी, तिने त्रास दिला नाही, पण रस्स्यापुढे तिची चवच राहिली नाही. भरल्या वांग्यांतल्या दाण्याच्या कुटाबरोबर मात्र ती छान लागली, म्हणून तिला बाजूला ठेवलं. शार्दने पहिल्या घोटाला चालली, दुसऱ्याला जड झाली.

उरली रॉकेलवाली.

"नको गं बाई," बायको म्हणाली, पण ग्लास घेतला. घास, घोट. पुन्हा घास, पुन्हा घोट.

"काय झालं?" मी विचारलं.

"रॉकेल गेलं."

मी घेतली. तिखट जिभेवर चढत होतं आणि मध्येच कुणीतरी हात धरून त्याला खाली बसवावं तसं झालं. विझलं नाही. काळ्या मसाल्याचा भाजका वास, खोबरं, दगडफूल, हे सगळं उलट पुढे आलं, कारण आता आग आग होत नव्हती. गोडी अगदी थोडी होती. शुक्रवारी ती माझ्या लक्षातही आली नव्हती. विचारायला रकानाच नव्हता.

मित्राने वहिनींना कोपराने ढोसलं. "बघ. हे पुणेकर आमटीत गूळ घालतात म्हणून किती बोलायचीस. हा गूळच आहे."

"माझ्या रस्स्यात नाही ना घातला," वहिनी म्हणाल्या. "गूळ पेल्यात आहे. रस्सा आहे तसाच आहे." आणि मघाशी सरकवलेली वाटी त्यांनी पुन्हा जवळ ओढली.

मंगळवारी मी रजा टाकून बरोबर गेलो. वहिनींना इंग्रजी येतं, पण पुस्तिकेची भाषा बोलणारा कुणीतरी सोबत हवा होता. दुपारचं हॉटेल रिकामं होतं. मॅनेजर टेबलाशी बसला, त्याने बाटलीचं लेबल पाहिलं आणि भुवया वर गेल्या.

"मटणाबरोबर पांढरी? गोडसर?"

"वांग्यांबरोबर पिनो नुआर आहे," मी म्हणालो. "तुमची तांबडी तिथे."

"लोक मटणाबरोबर तांबडीच मागतात."

"मागू देत," वहिनी म्हणाल्या. "दोन्ही प्यायल्यावर कुठली परत मागवतात ते बघा. यल्ला, जेवा आधी."

तो जेवला. घास, घोट, पुन्हा घास. त्याच्या कपाळावर घाम आला. मी त्याच्या चेहऱ्याचा रंग बघत होतो आणि तो बदलत नव्हता. त्याने भाकरीचा तुकडा मोडून वाटीच्या तळाशी फिरवला. पुन्हा वाढायची खूण केली. दुसरी वाटीही गेली, तेव्हा त्याने रुमालाने तोंड पुसलं.

"मॅडम, मी चुकलो," तो म्हणाला. "ही वाइन याला झेलते." मग टेबलावर पुढे झुकून त्याने बोटं हलवत, पाहुण्यांसमोर काय सांगायचं ते जमवायला सुरुवात केली. फायर ऑफ महाराष्ट्र वगैरे. "एक काम करा. एवढी झेलते, तर आणखी झेलेल. तिखट थोडं वाढवूया. दीडपट. लोक व्हिडिओ काढतील."

मला वाटलं वहिनी आनंदाने हो म्हणतील. जिच्या तिखटाला आठवडाभर अर्धं कर म्हणत होते, तिला आता वाढव म्हणत होते. पण त्यांनी रस्स्याच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी एवढंच असतं."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी काही समजावून सांगावं अशी त्याची अपेक्षा असावी. मी वहिनींकडे बोट केलं; हा आकडा त्यांचा होता.

"ओके," तो शेवटी म्हणाला. "एवढंच." आणि कार्ड छापायला देण्यासाठी त्याने वहिनींना पदार्थाचं नाव विचारलं, अक्षर अक्षर सुटं करून.